विश्लेषण : होमी भाभांनी प्लुटोनियमवर भिस्त का ठेवली? २३९ आणि २४० या दोन आकड्यांत काय दडले आहे?

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर पहिल्यांदा आलेला पर्यटक जेट्टीकडे वळण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतो. इथली वाळू काळी कशी? उत्तर सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात आहे. बेसॉल्टची झीज होऊन नद्यांनी समुद्रात आणून टाकलेली इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही जड खनिजे इथे साठली. याच पश्चिम किनाऱ्याने आणखी खाली केरळात गेले, की तिथल्या वाळूत इल्मेनाइटबरोबर मोनाझाइट हे आणखी एक खनिज सापडते. त्यात थोरियम असते. या थोरियमवर भारताच्या शे-दोनशे वर्षांच्या विजेचा आराखडा मांडणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा.

अडचण एवढीच होती, की थोरियम थेट जळत नाही. ते पेटवायला दुसरे काहीतरी लागते आणि ते म्हणजे प्लुटोनियम. प्लुटोनियम म्हटले की आधी आठवतो तो नागासाकीचा बॉम्ब. मग भाभांनी देशाच्या विजेची मदार त्याच धातूवर का ठेवली? प्लुटोनियमच्या नावापुढे लागणारे २३८, २३९, २४०, २४१ हे आकडे काय सांगतात? आणि मांडवीच्या दक्षिणेला, याच जिल्ह्यातल्या माडबनच्या सड्यावर प्रस्तावित असलेल्या जैतापूर प्रकल्पाशी या सगळ्याचा संबंध काय?

भाभा अणुविज्ञानाकडे कसे वळले?

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या सधन पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे वकील होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे मुलाने इंजिनीअर व्हावे आणि जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, हे घरात जवळपास ठरलेलेच होते. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे टप्पे पार करून १९२७ मध्ये ते केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकायला गेले.

तिथे त्यांचे मन भौतिकशास्त्रात रमले. त्यांनी वडिलांना तसे कळवले. वडिलांनी अट घातली, की आधी इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास व्हायची आणि मग हवे ते शिकायचे. १९३० मध्ये भाभांनी ती अट पूर्ण केली आणि गणित, भौतिकशास्त्राकडे वळले. इंजिनीअरिंगचे ते शिक्षण वाया गेले नाही. पुढे ट्रॉम्बेत भट्टी आणि कारखाने उभारताना ते उपयोगी पडले.

केंब्रिजमधली ती वर्षे अणुविज्ञानाच्या दृष्टीने सोन्याची होती. १९३२ मध्ये तिथल्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला. भाभांचे काम वैश्विक किरण आणि मूलकणांवर होते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात, त्या प्रक्रियेला आजही भाभा स्कॅटरिंग म्हणतात. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी वैश्विक किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले, तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीचा मार्ग बंद झाला. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांच्या विभागात ते रुजू झाले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

त्याच काळात प्लुटोनियमचा जन्म कसा झाला?

भाभा बंगळूरमध्ये वैश्विक किरण मोजत होते, त्याच सुमारास अमेरिकेतल्या बर्कलेमध्ये ग्लेन सीबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरेनियमवर ड्यूटेरियमच्या कणांचा मारा करून ९४ क्रमांकाचे मूलद्रव्य तयार केले. ते वर्ष होते १९४०-४१. युरेनियमला युरेनस ग्रहाचे आणि त्यापुढच्या नेपच्युनियमला नेपच्यूनचे नाव होते, म्हणून याला प्लूटोचे नाव मिळाले. युद्धामुळे हा शोध १९४६ पर्यंत प्रसिद्ध झाला नाही.

अणुभट्टीत प्लुटोनियम तयार होण्याची रीत तशी सोपी आहे. निसर्गातल्या युरेनियमपैकी ९९ टक्क्यांहून अधिक भाग युरेनियम-२३८ असतो. तो सहजी फुटत नाही. पण त्याने एक न्यूट्रॉन गिळला, की तो युरेनियम-२३९ होतो. त्याचे अर्धायुष्य साडेतेवीस मिनिटांचे. त्यातून नेपच्युनियम-२३९ तयार होते, त्याचे अर्धायुष्य सव्वादोन दिवसांपेक्षा थोडे अधिक. त्यातून शेवटी प्लुटोनियम-२३९ उरते. म्हणजे एरवी निरुपयोगी वाटणाऱ्या युरेनियमचे भट्टीत बसल्या बसल्या नवे इंधन होते.

समस्थानिक म्हणजे काय आणि आकड्यांचा अर्थ कोणता?

प्लुटोनियमच्या प्रत्येक अणूत ९४ प्रोटॉन असतात. न्यूट्रॉनची संख्या मात्र कमी-जास्त असू शकते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची बेरीज म्हणजे नावापुढचा आकडा. २३९ मध्ये १४५ न्यूट्रॉन, तर २४० मध्ये १४६. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, एकाच आम्लात सारखेच विरघळणारे. अणुगर्भाच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. या भावंडांना समस्थानिक म्हणतात. मूळ साठ्यातले निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. प्लुटोनियमचे महत्त्वाचे समस्थानिक असे :

• प्लुटोनियम-२३८ : अर्धायुष्य ८७.७ वर्षे. अल्फा कण इतक्या वेगाने बाहेर टाकते, की १ ग्रॅममधून सतत अर्ध्या वॅटहून थोडी अधिक उष्णता मिळते. व्हॉयेजर यान आणि मंगळावरची क्युरिऑसिटी, पर्सिव्हरन्स ही वाहने याच उष्णतेपासून तयार केलेल्या विजेवर चालतात.

• प्लुटोनियम-२३९ : अर्धायुष्य २४,११० वर्षे. मंद न्यूट्रॉननेही फुटते आणि साखळी प्रक्रिया चालू ठेवते. भट्टीचे इंधन म्हणून आणि बॉम्बसाठी हवे असते ते हेच.

• प्लुटोनियम-२४० : अर्धायुष्य सुमारे ६,५६० वर्षे. याचे काही अणू कोणी न छेडता आपोआप फुटतात. १ ग्रॅममधून दर सेकंदाला हजाराच्या घरात न्यूट्रॉन बाहेर पडतात.

• प्लुटोनियम-२४१ : अर्धायुष्य १४ वर्षांपेक्षा थोडे जास्त. हेही उत्तम इंधन आहे, पण साठवून ठेवले तर त्याचे अमेरिशियम-२४१ होते. जुन्या प्लुटोनियममधून गॅमा किरण वाढतात ते प्रामुख्याने यामुळे.

• प्लुटोनियम-२४२ : अर्धायुष्य पावणेचार लाख वर्षांच्या आसपास. इंधन म्हणून फारसे कामाचे नाही.

• प्लुटोनियम-२४४ : अर्धायुष्य सुमारे ८ कोटी वर्षे. अणुभट्ट्यांत ते नगण्य प्रमाणात तयार होते.

एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. अर्धायुष्य जितके कमी, तितका किरणोत्सर्ग तीव्र. १ ग्रॅम प्लुटोनियम-२३९ मध्ये दर सेकंदाला सुमारे २३० कोटी अणू बदलतात. तेवढ्याच वजनाच्या प्लुटोनियम-२३८ मध्ये ही संख्या त्याच्या पावणेतीनशे पट असते.

१९४४ हे वर्ष महत्त्वाचे का?

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढण्याचा प्रस्ताव दिला. येत्या दोनेक दशकांत अणुऊर्जेपासून वीज मिळू लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञ परदेशातून आणावे लागू नयेत, असा त्यांचा मुद्दा होता. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा आणखी सतरा महिने होते. या पत्रातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, उभी राहिली.

त्याच १९४४ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या गुप्त प्रयोगशाळेत प्लुटोनियमच्या बॉम्बचा पहिला आराखडा मोडीत निघाला. भट्टीतून आलेल्या प्लुटोनियममध्ये २३९ सोबत थोडे २४० मिसळलेले आढळले. त्याच्या आगंतुक न्यूट्रॉनमुळे बॉम्ब पूर्ण पेट घेण्याआधीच फुसका ठरण्याची भीती होती. शास्त्रज्ञांना वेगळीच, अधिक अवघड रचना शोधावी लागली. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडला तो त्या दुसऱ्या रचनेचा बॉम्ब. त्यात सुमारे ६ किलो प्लुटोनियम होते. एका जादा न्यूट्रॉनने जगातल्या सर्वात मोठ्या लष्करी प्रकल्पांपैकी एकाची दिशा बदलली होती.

थोरियमसाठी प्लुटोनियम का हवे?

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये अणुऊर्जा विभाग सुरू झाला आणि तो थेट पंतप्रधान नेहरूंच्या अखत्यारीत राहिला. विभागाचे सचिवही भाभाच होते.

हिशेब सरळ होता. भारतात युरेनियमचे साठे मर्यादित होते आणि थोरियम मुबलक. पण थोरियम-२३२ स्वतः साखळी प्रक्रिया चालवू शकत नाही. त्याला न्यूट्रॉन मिळाले, तर त्याचे युरेनियम-२३३ होते आणि ते मात्र उत्तम इंधन आहे. हे न्यूट्रॉन पुरवणार कोण? यासाठी भाभांनी १९५४ मध्ये तीन टप्प्यांचा कार्यक्रम मांडला. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्या वीज देतील आणि सोबत प्लुटोनियम तयार करतील. दुसऱ्या टप्प्यात या प्लुटोनियमवर वेगवान न्यूट्रॉनच्या ब्रीडर भट्ट्या चालतील. त्या जळतात त्याहून जास्त इंधन तयार करतात आणि थोरियमचे युरेनियम-२३३ करू शकतात. तिसऱ्या टप्प्यात देश थोरियमवर चालेल.

म्हणजे आपल्याकडे आहे ते थोडे युरेनियम आणि वापरायचे आहे ते भरपूर थोरियम, यांच्या मध्ये प्लुटोनियमचा पूल होता. तो नसेल तर केरळच्या वाळूतले थोरियम वाळूतच राहणार होते. भाभांच्या दृष्टीने प्लुटोनियम हा अणुकचरा नव्हता, ती बियाण्याची रास होती.

ट्रॉम्बेत काय घडले?

मुंबईच्या ट्रॉम्बेत, डोंगर आणि खाडीच्या मधल्या पट्ट्यात, भाभांनी अणुऊर्जा प्रतिष्ठान उभारले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक सुरू झाली. तिची रचना आणि उभारणी भारतीयांची होती, इंधन ब्रिटनचे होते.

प्लुटोनियमच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती दुसरी भट्टी, ‘सायरस’. १९५६ मध्ये कॅनडाशी करार झाला, जड पाणी अमेरिकेने पुरवले आणि १० जुलै १९६० रोजी ४० मेगावॉट औष्णिक क्षमतेची ही भट्टी सुरू झाली. तिच्यात नैसर्गिक युरेनियमच्या धातूच्या कांड्या वापरल्या जात. या कांड्या बाहेरून आणाव्या लागू नयेत, यासाठी भाभांनी ट्रॉम्बेतच युरेनियम धातू तयार करण्याचा कारखाना १९५९ मध्ये सुरू केला होता.

अशा भट्टीचा साधा हिशेब असा, की १ मेगावॉट औष्णिक क्षमतेवर ती एक दिवस चालली तर जवळपास १ ग्रॅम प्लुटोनियम तयार होते. म्हणजे ‘सायरस’ पूर्ण क्षमतेने चालली, तर दिवसाला ३५ ते ४० ग्रॅम.

इंधन भट्टीत किती दिवस ठेवायचे?

सगळा फरक इथे पडतो. कांडी भट्टीत ठेवली, की आधी प्लुटोनियम-२३९ तयार होते. ती तशीच राहू दिली, तर त्यातल्या काही अणूंना आणखी एक न्यूट्रॉन मिळतो आणि २४० तयार होते. आणखी थांबले, की २४१ आणि मग २४२. थोड्या दिवसांत बाहेर काढलेल्या कांडीत जवळपास निखळ २३९ असते. दीर्घकाळ जाळलेल्या कांडीत सगळ्यांची खिचडी होते.

२४० चे प्रमाण ७ टक्क्यांहून कमी असेल तर त्याला शस्त्रयोग्य दर्जाचे प्लुटोनियम म्हणतात. वीज प्रकल्पांतल्या दीर्घकाळ जळालेल्या इंधनात हे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते. त्याला भट्टी दर्जाचे म्हणतात. वीज बनवणाऱ्याला कांडी जास्तीत जास्त दिवस जाळायची असते, कारण त्यात पैसा वाचतो. ‘सायरस’सारख्या संशोधन भट्टीत विजेचा प्रश्न नव्हता. तिथले इंधन कमी जाळून बाहेर काढता येत होते आणि त्यातून मिळणारे प्लुटोनियम शुद्ध २३९ च्या जवळ जाणारे होते.

अर्थात, भट्टी दर्जाचे प्लुटोनियम निर्धोक असते असा याचा अर्थ नाही. अमेरिकेने १९६२ मध्ये अशा प्लुटोनियमचा स्फोट करून पाहिला होता आणि १९७७ मध्ये ते जाहीर केले. म्हणूनच आंतरराष्ट्रीय तपासणीचे नियम दोन्ही प्रकारांना लागू होतात.

प्लुटोनियम वेगळे कसे काढले?

जळालेल्या कांडीत प्लुटोनियम चिमूटभर आणि जीवघेणा किरणोत्सर्ग सोडणारी इतर द्रव्ये भरपूर असतात. १९५८ मध्ये नेहरूंनी ट्रॉम्बेत पुनर्प्रक्रिया कारखाना उभारायला मंजुरी दिली. प्रकल्पाचे नाव होते ‘फिनिक्स’, राखेतून पुन्हा उठणारा पक्षी. त्याची धुरा भाभांनी केमिकल इंजिनीअर होमी सेठना यांच्याकडे सोपवली.

पद्धत अशी. कांड्या नायट्रिक आम्लात विरघळवायच्या. त्या द्रावणात केरोसीनसारख्या तेलात मिसळलेले ट्रायब्युटाइल फॉस्फेट घालून घुसळायचे. युरेनियम आणि प्लुटोनियम तेलात जातात, बाकीचा किरणोत्सर्गी गाळ आम्लात राहतो. मग प्लुटोनियमची रासायनिक अवस्था बदलली, की ते तेल सोडून पुन्हा आम्लात उतरते. हे सारे जाड काँक्रीटच्या भिंतींआड, दुरून हाताळायच्या यंत्रांनी करावे लागते. भांडीसुद्धा बेतून बनवावी लागतात. पाण्यातल्या द्रावणात अर्धा किलोच्या आसपास प्लुटोनियम एका जागी आले, तरी साखळी प्रक्रिया आपोआप सुरू होऊ शकते. म्हणून भांडी अरुंद आणि सपाट ठेवतात.

प्लुटोनियमचा मुख्य धोका दुरून होत नाही, ते पोटात किंवा फुप्फुसात गेल्याने होतो. त्यातून निघणारे अल्फा कण कागदाने किंवा कातडीच्या वरच्या थरानेही अडतात. पण त्याची धूळ श्वासातून आत गेली, तर ती फुप्फुसात, हाडांत आणि यकृतात वर्षानुवर्षे ठाण मांडते आणि कर्करोगाचा धोका वाढवते. त्यामुळे कामगार बंद काचपेटीत, पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांतून काम करतात.

१९६४ च्या मध्यात हा कारखाना सुरू झाला. २२ जानेवारी १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याचे उद्घाटन केले. त्या काळी असे कारखाने मोजक्याच देशांकडे होते.

भाभांना वीज हवी होती की बॉम्ब?

भाभांच्या आयुष्यातला हा सर्वात वादाचा प्रश्न. १९५५ मध्ये जिनिव्हात भरलेल्या, अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. दुसऱ्याच वर्षी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची नियमावली ठरत असताना त्यांनी बड्या देशांशी उभा वाद घातला. भट्टीत तयार होणारे प्लुटोनियम संस्थेच्या ताब्यात ठेवण्याची तरतूद त्यांना मान्य नव्हती. ते आमचे पुढच्या टप्प्याचे इंधन आहे, ते जवळ बाळगण्याचा हक्क आम्हाला हवा, अशी भारताची भूमिका होती. तीन टप्प्यांच्या कार्यक्रमाकडे पाहिले तर ही मागणी रास्त होती. पण त्याच प्लुटोनियमने दुसरेही दार उघडत होते, याची जाणीव समोर बसलेल्यांना होती आणि भाभांनाही असणारच.

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिली अणुचाचणी केली. आठवडाभराने भाभांनी आकाशवाणीवर भाषण केले. अण्वस्त्रे नष्ट व्हावीत असे सांगतानाच त्यांनी परदेशात प्रसिद्ध झालेल्या आकड्यांच्या आधारे १० किलोटनांच्या स्फोटाचा खर्च साधारण साडेसतरा लाख रुपये येतो, असेही सांगितले. हा आकडा फसवा असल्याची टीका झाली, कारण भट्टी, पुनर्प्रक्रिया कारखाना आणि संशोधनाचा खर्च त्यात नव्हता. बॉम्ब नको म्हणणारे शास्त्री आणि बॉम्ब हवा म्हणणारे खासदार यांच्यात संसदेत खडाजंगी झाली. शेवटी शास्त्रींनी शांततामय कामासाठीच्या भूमिगत स्फोटाचा अभ्यास करायला मुभा दिली.

भाभांनी एका दाराची निवड केल्याचे कुठेच दिसत नाही. त्यांनी दोन्ही दारे उघडी राहतील अशी इमारत बांधली.

नंदादेवीवर हरवलेले प्लुटोनियम कोणते?

भाभांच्या हयातीतच भारताच्या भूमीवर प्लुटोनियमचे दुसरे एक प्रकरण घडले. ते ट्रॉम्बेतले नव्हते. चीनच्या चाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी ऑक्टोबर १९६५ मध्ये अमेरिका आणि भारताच्या गुप्तचर यंत्रणांनी नंदादेवीच्या शिखरावर एक उपकरण बसवायचे ठरवले. त्याला वीज देणाऱ्या जनित्रात प्लुटोनियम-२३८ होते. हवामान बिघडल्याने गिर्यारोहक ते डोंगरावरच ठेवून खाली उतरले. १९६६ मध्ये परत गेले तेव्हा ते जागेवर नव्हते आणि पुढेही सापडले नाही. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत या मोहिमेची कबुली दिली.

हे प्लुटोनियम बॉम्बचे नव्हते. २३८ मधून उष्णता मिळते, पण शस्त्रासाठी ते कुचकामी आहे. मात्र किरणोत्सर्ग त्याचा कितीतरी तीव्र असतो. ८७.७ वर्षांच्या अर्धायुष्याच्या हिशेबाने ६० वर्षांनीही त्यातले सुमारे ६२ टक्के शिल्लक असते. नाव एकच, पण आकडा बदलला की धोक्याचे स्वरूप बदलते, याचे हे ठळक उदाहरण.

भाभांचा मृत्यू कसा झाला?

जानेवारी १९६६ हा महिना देशासाठी धक्क्यांचा ठरला. ११ जानेवारीला शास्त्रींचे ताश्कंदमध्ये निधन झाले. २४ जानेवारीला इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. त्याच दिवशी सकाळी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाजवळ येताना आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातले सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघालेले भाभा त्यांच्यात होते. ते ५६ वर्षांचे होते.

हा घातपात होता, असे दावे आजही समाजमाध्यमांवर फिरतात. फ्रान्सच्या चौकशीचा निष्कर्ष वेगळा होता. विमानातले एक दिशादर्शक उपकरण बिघडलेले होते. नियंत्रकाने दिलेल्या सूचनेचा अर्थ लावताना वैमानिकाचा गैरसमज झाला आणि आपण पर्वत ओलांडला असे समजून त्याने विमान खाली घेतले, असे चौकशीत नमूद झाले.

भाभांनी लग्न केले नव्हते. चित्रकला, संगीत आणि झाडे हे त्यांचे तीन छंद. कुलाब्यातल्या टीआयएफआरच्या भिंतींवर आजही त्यांनी जमवलेल्या आधुनिक भारतीय चित्रांचा संग्रह आहे. जानेवारी १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या प्रतिष्ठानाला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले.

त्यांच्या प्लुटोनियमचे पुढे काय झाले?

दोन्ही दारे उघडली गेली. मे १९७२ मध्ये ट्रॉम्बेत प्लुटोनियमवर चालणारी ‘पूर्णिमा’ ही छोटी वेगवान भट्टी सुरू झाली. १८ मे १९७४ रोजी पोखरणमध्ये भारताने पहिली अणुचाचणी केली. त्यातले काही किलो प्लुटोनियम ‘सायरस’मधले होते. आम्ही शांततामय वापरासाठी भट्टी दिली होती, असे म्हणत कॅनडाने सहकार्य थांबवले. त्यानंतरची तीन दशके भारताला अणुतंत्रज्ञानाच्या जागतिक बाजारातून जवळपास बाहेर राहावे लागले. भाभांच्या वीज कार्यक्रमाने त्या स्फोटाची किंमत मोजली.

दुसऱ्या दारातून वाट संथ चालली. १९८५ मध्ये कल्पाक्कमला प्रायोगिक ब्रीडर भट्टी सुरू झाली. तिथल्याच ५०० मेगावॉटच्या ब्रीडर भट्टीच्या गाभ्यात इंधन भरण्याची प्रक्रिया मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, म्हणजे भाभांनी आराखडा मांडल्यानंतर ७० वर्षांनी. ‘सायरस’ ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली.

जैतापूरशी याचा संबंध काय?

राजापूर तालुक्यातल्या माडबन येथे फ्रान्सच्या तंत्रज्ञानाच्या प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, असा मूळ प्रस्ताव होता. जमीन, मासेमारी, भूकंपाचा धोका आणि २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर वाढलेली भीती यावरून इथे मोठे आंदोलन झाले. एप्रिल २०११ मध्ये पोलीस गोळीबारात एका आंदोलकाचा जीव गेला.

या भट्ट्या ‘सायरस’सारख्या नाहीत. त्या समृद्ध युरेनियम आणि साध्या पाण्यावर चालतात आणि इंधन काही वर्षे आत राहते. अशा भट्टीतून बाहेर आलेल्या इंधनात साधारण १ टक्का प्लुटोनियम असते. त्यातले २३९ निम्म्याहून थोडे अधिक आणि उरलेल्यात २४०, २४१, २४२ आणि थोडे २३८. म्हणजे शस्त्रासाठी गैरसोयीचे, पण उष्णता आणि किरणोत्सर्ग जास्त असल्याने साठवायला अधिक अवघड.

त्यामुळे माडबनबाबत बॉम्बपेक्षा महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत. जळालेले इंधन किती वर्षे प्रकल्पाच्या आवारात राहणार? त्यावर पुनर्प्रक्रिया कुठे होणार? वेगळे काढलेले प्लुटोनियम कोणत्या भट्टीत जाळणार? आणि उरलेला किरणोत्सर्गी कचरा शेवटी कुठे जाणार? प्रकल्पाचे समर्थन करणाऱ्यांनी आणि विरोध करणाऱ्यांनीही ही उत्तरे मागायला हवीत.

कारण हे हिशेब माणसाच्या आयुष्याच्या मापात बसत नाहीत. १९६४ मध्ये ट्रॉम्बेत तयार झालेले १ किलो प्लुटोनियम-२३९ कपाटात तसेच राहिले असते, तर ६० वर्षांत त्यातले जेमतेम पावणेदोन ग्रॅम कमी झाले असते. ते निम्मे व्हायला २४,११० वर्षे लागतात. ते वेगळे काढायचे ठरले तेव्हापासून कारखाना सुरू होईपर्यंत भाभांना सहा वर्षे लागली होती. कारखान्याच्या उद्घाटनानंतर ते एक वर्ष आणि दोन दिवस जगले.